चादरीमागे एक वाक्य

मोठ्या चादरीची एकटीला घडी घालता येत नाही. येते असं छातीठोकपणे सांगणाऱ्या बायका असतात, पण त्यांच्या कपाटाचं दार उघडलं की काय ते कळतं. लाँड्रीत तर प्रश्नच नव्हता. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी रोलरमधून गरम, कडक होऊन बाहेर पडायच्या आणि टेबलापाशी दोघी दोन टोकांना उभ्या असायच्या. ज्या टोकाला लाँड्रीचा शिक्का, ते उसं. दुसरं टोक म्हणजे पायथा. उसं धरणारीनं जागचं हलायचं नाही. पायथा धरणारीनं चालत यायचं, आपली टोकं तिच्या हातात द्यायची, वाकून खालची घडी उचलायची आणि मागं जायचं. दोघी चालल्या तर चादर जमिनीला लागते आणि पुन्हा धुवावी लागते.

उशाकडे वहिनी असायची आणि पायथ्याकडे वन्सं. वहिनीचे गुडघे दुखायचे म्हणून तसं ठरलं होतं आणि मग वर्षानुवर्षं तसंच राहिलं. नात्यानं त्या खरोखरच भावजय आणि नणंद होत्या, पण लाँड्रीत सगळेच त्यांना वहिनी आणि वन्सं म्हणायचे. पन्नाशी उलटलेला टेम्पोवालासुद्धा "वन्सं, गठ्ठे झाले का?" असं खुशाल विचारायचा आणि त्यात त्याला काही वावगं वाटायचं नाही.

रोलरची घरघर इतकी होती की दोन पावलांपलीकडचं ऐकू यायचं नाही. त्यामुळे बोलायचं ते चादरीची टोकं हातात देता-घेतानाच. चादरीमागे एक वाक्य. वन्संनी "शेजारणीची सून काल" एवढंच म्हणून मागं जावं आणि वहिनीनं पुढच्या चादरीपर्यंत जीव टांगणीला लावून उभं राहावं. पण उपयोग असा की भांडण करायचं म्हटलं तरी दुसरं वाक्य येईपर्यंत राग निम्मा झालेला असायचा.

ही सवय घरातही शिरली. वहिनी एक वाक्य बोलायची आणि थांबायची, समोरून कोणी चालत येणार असल्यासारखी. तिचा नवरा हसायचा. "येऊ दे पुढची चादर," म्हणायचा आणि निवांत वाट बघायचा. तो बस चालवायचा. झोपेतसुद्धा त्याचा उजवा पाय ब्रेक दाबायचा, त्यामुळे त्यांच्या पलंगावरची चादर पायथ्याला एकाच जागी विरायची आणि वहिनी तिथं रफू करायची. त्याच पायथ्याशी दुपारी भाचा झोपायचा. वन्संचा नवरा आजारपणात लवकर गेला, त्या लाँड्रीत दुपारपाळीला जायच्या, वहिनी तेव्हा अजून घरीच असायची, म्हणून पोर मामा-मामीकडेच वाढलं. मामाची लाथ बसली की ते झोपेतच म्हणायचं, "मामाचा स्टॉप आला." अंगानं एवढंसं होतं म्हणून सगळे त्याला टिल्लू म्हणायचे. आता तो दारातून वाकून आत येत होता, फौजेत होता, आणि तरीही टिल्लूच होता.

मागच्या हिवाळ्यात बस डेपोत बॉम्ब फुटला. सकाळची पहिली गाडी काढायला गेलेला वहिनीचा नवरा परत आला नाही.

बॉम्ब ठेवणारे समुद्रापलीकडच्या एका देशातून शिकून आले होते, असं सरकारनं सांगितलं. त्या देशात आधीच लढाई पेटली होती. मोठी राष्ट्रं तिथं फौजा धाडत होती आणि आपणही धाडाव्यात की नाही यावरून सगळीकडे रणधुमाळी चालली होती. लाँड्रीतल्या जेवणाच्या सुट्टीतही दुसरा विषय नव्हता. इस्त्रीवाला म्हणायचा, घरात विंचू निघाला तर बीळ शोधायला नको? टेम्पोवाला म्हणायचा, बीळ शोधायला दुसऱ्याचं घर पाडायचं का, आणि त्या घरातली माणसं उद्या कुणाचं दार ठोठावतील? इस्त्रीवाला म्हणायचा, मग काय नुसतं डबा उघडून जेवत बसायचं? दोघांचंही म्हणणं ऐकताना खरं वाटायचं, हीच तर पंचाईत होती. आणि मग दोघांचीही नजर वहिनीकडे जायची आणि आवाज खाली यायचे. ते तिला मुळीच आवडायचं नाही.

वहिनीला सूड हवा होता. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ती मऊ स्वभावाची बाई, कुत्र्याला हाड म्हणायची नाही, पण भांडी घासता घासता तिच्या मनात त्या लोकांची घरं जळायची आणि तिला त्याचं वाईट वाटायचं नाही. वाईट वाटत नाही याचंच कधी कधी वाईट वाटायचं.

अशात टीव्हीवरची निवेदिका तिच्या घरी आली. नगराच्या मोठ्या सभागृहात जाहीर चर्चा होणार होती. एका बाजूला फौजेतले निवृत्त अधिकारी, दुसऱ्या बाजूला एक प्राध्यापक, आणि शेवटी वहिनीनं दोन शब्द बोलायचे. निवेदिका बिचारी वाईट नव्हती. तिनं चहा घेतला, भिंतीवरचा फोटो बघितला, आणि तिचे डोळेही भरून आले. "ताई, बाकी सगळे अंदाजानं बोलतात," ती म्हणाली. "तुमचं लोक ऐकतील." वहिनी हो म्हणाली.

आणि त्याच आठवड्यात टिल्लू सुट्टीवर आला.

सरकारचं ठरायच्या आधीच फौजेनं खुशीनं जाणाऱ्यांची नावं मागवली होती. त्याच्या तुकडीतले बहुतेक देणार होते. एकुलत्या एक मुलावर सक्ती नव्हती, तो मागं राहिला तरी कुणी बोट दाखवणार नव्हतं. वहिनीच्या स्वयंपाकघरात उंबऱ्यावर बसून, गुडघे पोटाशी घेऊन त्यानं हे सगळं सांगितलं. आई आणि मामी दोघी समोर होत्या.

"मला जायचंय," तो म्हणाला. "मामासाठी. पण मी माझ्या मनानं नाही ठरवणार. मामी, माणूस तुझा गेलाय. तू टीव्हीवर जे बोलशील ते मी मानेन. पाठवा म्हणालीस तर दुसऱ्या दिवशी नाव देतो. नको म्हणालीस तर छावणीत कोठाराच्या किल्ल्या सांभाळत बसतो."

"अरे, हे असं माझ्या गळ्यात का घालतोस?" वहिनी म्हणाली.

"मग कुणाच्या घालू?"

वन्सं पाणी घ्यायला म्हणून उठल्या, माठापर्यंत गेल्या आणि रिकाम्या हातानं परत आल्या.

त्या दिवसापासून टेबलापाशी चादरीमागून चादरी गेल्या आणि एकही वाक्य झालं नाही. वन्सं चालत यायच्या, टोकं द्यायच्या, वाकायच्या, मागं जायच्या. त्यांनी रडावं, हात जोडावेत, निदान टोमणा तरी मारावा, म्हणजे आपल्याला काही उत्तर देता येईल, असं वहिनीला वाटायचं. चर्चेच्या आदल्या दिवशी वहिनीला राहवलं नाही.

"वन्सं, उद्या मी काय बोलू?" टोकं घेता घेता तिनं विचारलं.

वन्संनी घडी उचलली आणि मागं गेल्या. चादर गठ्ठ्यावर पडली, दुसरी आली.

"माझा भाऊ होता तो," त्या म्हणाल्या.

तिसरी चादर.

"आणि हा पोटचा पोरगा आहे."

चौथीला त्या नुसत्याच येऊन गेल्या. पाचवीला टोकं दिल्यावरही त्यांनी हात काढले नाहीत. "एकासाठी बोलावं तर दुसऱ्याशी बेइमानी होते. मला विचारू नका, वहिनी. तुम्ही बोलाल ते मी ऐकून घेईन."

संध्याकाळी घरी गेल्यावर वहिनीनं पलंगावरची चादर काढली. धुवायचीच होती. सवयीनं तिनं आधी ती झटकली, टोकाला टोक लावायला गेली, आणि समोर कोणी नाही हे लक्षात येईपर्यंत चादर जमिनीवर पडली होती. उचलताना पायथ्याची रफू केलेली जागा हाताला लागली. ती बराच वेळ त्या जागेवरून अंगठा फिरवत राहिली. इथंच ह्यांचा पाय असायचा. आणि इथंच ते पोर लाथा खात झोपायचं. एकाच विरलेल्या जागेवर दोघांचा हक्क होता. एकाच्या नावानं दुसरा देऊन टाकायचा म्हणजे काय, हे तिला तेव्हा उमगलं.

सूड तरीही हवाच होता. तो काही कुठं गेला नव्हता. तिनं ठरवलं, खोटं बोलायचं नाही. दोन वाक्यं बोलायची. पहिल्यात सूड हवा असल्याचं कबूल करायचं. दुसऱ्यात सांगायचं की त्यासाठी आमचा टिल्लू मी देणार नाही, आणि जो आपल्याला देववत नाही तो दुसऱ्या आईकडे मागायला मला तोंड नाही. दोन्ही खरं होतं. लोकांना जे करायचं ते करू देत, पण टिल्लूला जे कळायचं ते कळेल.

सभागृह खच्चून भरलं होतं. मंचावरच्या लांब टेबलावर पांढरं कापड होतं, तेही त्यांच्याच लाँड्रीतलं, आणि कुणीतरी शहाण्यानं शिक्क्याची बाजू लोकांकडे करून ते अंथरलं होतं. वहिनीला उठून ते फिरवावंसं वाटलं. खाली तिसऱ्या रांगेत वन्सं बसल्या होत्या, पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरून. टिल्लू छावणीत परतला होता, तिथून बघणार होता.

निवृत्त अधिकारी बोलले. आवाज भारदस्त, हात पाठीशी. आपण गेलो नाही तर ते पुन्हा येतील, आणि पुढच्या वेळी तो डेपो तुमच्या शाळेजवळचा असेल, असं ते म्हणाले. "या भगिनीकडे बघा," ते म्हणाले, आणि सगळ्यांनी बघितलं. प्राध्यापकांचा आवाज बारीक होता पण मुद्दे धारदार. परकी फौज गावात उतरली की गावातला साधा माणूसही उद्याचा बॉम्बवाला होतो, हे कितीदा झालंय, असं त्यांनी विचारलं. तिथल्या बायकाही कपडेच धुतात आणि त्यांचे नवरेही सकाळी कामाला जातात, असंही म्हणाले. मग त्यांनीही सांगितलं, "या ताईंकडे बघा," आणि पुन्हा सगळ्यांनी बघितलं. वहिनी कापडाच्या कडेकडे बघत बसली. दोघांनाही तिचा नवरा हवा होता. जिवंतपणी त्याला एवढी मागणी कधी नव्हती.

मग तिचं नाव पुकारलं गेलं. ती उभी राहिली. समोर माइक आला, दिव्यांचा उजेड डोळ्यांत गेला, आणि सभागृहातली मोठी वातानुकूलन यंत्रं घरघरत होती, ती तिला एकदम ऐकू यायला लागली. हातांना काहीतरी आधार हवा म्हणून तिनं टेबलावरच्या कापडाची कड दोन्ही हातांत धरली.

"ज्यांनी माझा माणूस मारला," ती म्हणाली, "त्यांचं वाटोळं झालेलं मला बघायचंय."

आणि ती थांबली.

त्या थांबण्याचा अर्थ त्या सभागृहात एकाच बाईला कळला असता. वहिनीच्या हातांत कड होती, समोर घरघर होती, एक वाक्य झालं होतं. अकरा वर्षांचं अंगवळणी पडलेलं काम तिच्या हातांनी केलं. पायथ्याकडून कोणी चालत येईल म्हणून ती वाट बघत उभी राहिली.

कुणीतरी टाळी वाजवली, आणि मग सगळं सभागृह टाळ्यांनी दणाणलं. तेवढ्यात वहिनीला तिसऱ्या रांगेत हालचाल दिसली. वन्सं उठल्या होत्या. पुढच्या क्षणी लोकच उभे राहिले आणि मधे माणसांची भिंत झाली. "अजून आहे," वहिनी म्हणाली, पण माइक आता निवेदिकेच्या हातात होता आणि तिचा दुसरा हात वहिनीच्या खांद्यावर होता. "बस, ताई, बसा. खूप धीराच्या आहात तुम्ही," ती ओल्या आवाजात म्हणाली आणि कॅमेऱ्याकडे वळली. प्राध्यापकांनी मान खाली घातली होती. लोक खाली बसले तेव्हा तिसऱ्या रांगेतली खुर्ची रिकामी होती.

घरी येईपर्यंत ते एकच वाक्य टीव्हीवर फिरत होतं. खाली मोठ्या अक्षरांत, वर तिचा चेहरा. वहिनीनं वन्संना फोन लावला, तो सारखा व्यस्त लागला. टिल्लूला लावला, तोही व्यस्त. मायलेक एकमेकांशी बोलत असणार, आणि काय बोलत असणार हे सांगायला जोतिषी नको होता. तिनं टीव्ही बंद केला, फोनही बंद करून ठेवला. आपल्या हातानं आपण वन्संचं पोर दिलं आणि वन्सं उठून निघून गेल्या, एवढंच तिच्या डोक्यात होतं. नवऱ्याच्या फोटोकडे तिला बघवेना. त्यानं तरी म्हटलं असतं, येऊ दे पुढची चादर.

सकाळी औषधाच्या दुकानाच्या कोपऱ्यावर, जिथं रोज दोघी भेटायच्या, तिथं वन्सं नव्हत्या. वहिनी थोडी थांबली आणि एकटीच लाँड्रीत गेली. इस्त्रीवाल्यानं तिला बघून अभिमानानं मान हलवली, टेम्पोवाल्यानं नजर चुकवली. दोन्ही तिला सारखंच लागलं.

वन्सं टेबलापाशी आधीच उभ्या होत्या. रात्रभर न झोपलेला चेहरा. रोलरमधून पहिली चादर बाहेर येत होती. उशाकडची जागा रोजच्यासारखी रिकामी ठेवलेली होती, पण वहिनीला तिथं जाऊन उभं राहवेना. ज्या बाईचं आपण असं केलं तिनं आपल्याकडे चालत यावं, हे तिला सोसलं नसतं. ती वन्संच्या बाजूला गेली आणि त्यांच्या हातातून पायथ्याची टोकं काढून घेतली. वन्संनी तिच्याकडे बघितलं. मग काही न बोलता त्या वळसा घालून उशाकडे गेल्या आणि शिक्क्याची बाजू धरून उभ्या राहिल्या.

चादर झटकली गेली. वहिनी चालायला लागली. गुडघ्यांनी कुरकुर केली. ही चार पावलं इतकी लांब असतात हे तिला इतक्या वर्षांत ठाऊकच नव्हतं. वन्संच्या समोर येऊन तिनं टोकं त्यांच्या हातात दिली. वर बघायची तिला हिंमत झाली नाही.

"काल एकच झालं," वन्सं म्हणाल्या. "दुसरं राहिलं."

वहिनी तशीच उभी राहिली. खालची घडी उचलायची असते हेही ती विसरली.

"मी उठले होते," वन्सं म्हणाल्या. "तुम्ही कापड धरून थांबलात तेव्हाच मला कळलं, मी आल्याशिवाय तुम्ही पुढचं बोलणार नाही. येतच होते मी. पण ते मेले सगळे मधे उभे राहिले. मला मंचापर्यंत जाऊच देईनात. दाराशी ढकलली गेले."

वहिनीच्या डोळ्यांतून पाणी आलं ते सरळ चादरीवर पडलं. आता ती पुन्हा धुवावी लागणार होती.

"उचला घडी," वन्सं म्हणाल्या. "मागं जा. आणि दुसरी चादर घेऊन या."

वहिनी मागं गेली. दुसरी चादर आली, गरम, वाफाळलेली. तिनं टोकं धरली, झटकली, चालत आली आणि वन्संच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "वन्सं, सूड मला हवाय, पण त्यासाठी मी आपला टिल्लू देणार नाही, आणि दुसऱ्या कुणाचाही मागणार नाही."

वन्संनी डोळे मिटले. मग त्यांनी टोकं नीट जुळवली, कारण हात थांबवून चालणारं नव्हतं, मागं गाडीभर चादरी पडल्या होत्या.

तिसरी चादर आली.

"रात्री त्याला सांगितलं मी," वन्सं म्हणाल्या, "की मामीचं बोलणं अर्धंच राहिलंय. तो म्हणतो, तुला तसं वाटणारच, तू आई आहेस. मामीच्या तोंडून ऐकेन, नाहीतर दुपारी नाव देईन."

वहिनीला मागं जावं लागलं. चौथी चादर आली.

"जेवणाच्या सुट्टीत येतोय तो, गेटवर," वन्सं म्हणाल्या. त्यांनी टोकं घेतली, आणि आता त्यांनीच वहिनीची बोटं आपल्या बोटांत घट्ट धरून ठेवली. मागं पाचवी चादर रोलरमधून निम्मी बाहेर येऊन लोंबायला लागली होती.

"त्याला दोन्ही वाक्यं एकदम सांगा, वहिनी. मधे थांबू नका."